‘कौटुंबिक कारण’ कोणाच्या सोयीचे?

पंचेचाळिशीच्या आसपासच्या एखाद्या स्त्रीने जीवन संपविले की सरकारी कागदावर ‘कौटुंबिक कारण’ किंवा ‘आजारपण’ असे शब्द उमटतात आणि फाइल बंद होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२१ साली देशात ४५,०२६ स्त्रियांनी आत्महत्या केली; त्यांपैकी २३,१७८ जणींचा व्यवसाय ‘गृहिणी’ असा नोंदला गेला. वयाचे रकाने ३० ते ४५ आणि ४५ ते ६० असे. भारतीय स्त्रीची पाळी सर्वसाधारणपणे शेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी थांबते आणि तिच्या शरीरातील उलथापालथ त्याआधी काही वर्षे सुरू झालेली असते. म्हणजे नेमका हा काळच त्या तक्त्याने मधोमध चिरला आहे! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही स्त्रियांच्या मुलाखती १५ ते ४९ या वयापुरत्याच घेतल्या जातात. जोवर ती प्रसवक्षम, तोवरच ती मोजण्यास पात्र, असा याचा सरळ अर्थ होतो.

रजोनिवृत्ती हा रोग नव्हे. बहुसंख्य स्त्रिया या काळातून सुखरूप पार पडतात. परंतु या वर्षांत नैराश्याचा धोका वाढतो, हेही आता वादातीत आहे. अमेरिकेतील ‘स्वान’ या दीर्घकालीन पाहणीच्या पिट्सबर्ग केंद्रातील स्त्रियांमध्ये तीव्र नैराश्याची शक्यता या काळात पूर्वीच्या तुलनेत दोन ते चार पट आढळली, असे २०११ साली प्रसिद्ध झाले. आधी नैराश्य येऊन गेलेले असेल, झोप उडालेली असेल, घरात मारहाण असेल, तर भार अधिकच. आणि नैराश्यावर उपचार आहेत. प्रश्न आहे तो ते कोणाच्या वाट्याला येतात, हा.

येथे दोन पळवाटा तयार असतात. घरचे म्हणतात, ‘वय झाले, डोके फिरले.’ शहाणे म्हणतात, ‘हा संप्रेरकांचा खेळ.’ दोघांच्याही बोलण्यात श्रम, मजुरी, कर्ज यांचा उल्लेख येत नाही. ज्यांना हा प्रश्न केवळ निसर्गाचा वाटतो, त्यांनी बीड जिल्ह्याकडे पाहावे.

ऊसतोडीच्या धंद्यात नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. (हत्याराच्या नावाने माणसे मोजण्याची ही रीत सहकाराच्या गौरवगाथेत सहसा येत नाही.) मुकादमाकडून उचल घ्यायची, ती फिटेपर्यंत राबायचे, एक दिवस खाडा पडला की दंड. कोपीत न्हाणीघर नाही, संडास नाही. पाळीच्या दिवसांतही मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढायचे. अंगावरून जाते, पोट दुखते म्हणून दवाखान्यात गेलेल्या बाईला ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला मिळतो, आणि खाड्याच्या धाकात तो तिलाही सुटकेसारखा वाटतो. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसाठी २०१९ साली झालेल्या पाहणीत बीडमधील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. दर सहा जणींत एक!

गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले तर जे शरीर काही वर्षांत हळूहळू स्वीकारते, ते त्याच्यावर काही दिवसांत लादले जाते. बीजकोश शाबूत राहिले तरी निवृत्ती लवकर येण्याचा संभव असतो. तिशी-पस्तिशीतच अंगाची काहिली, जागरण, धडधड, विनाकारण रडू. आणि समोर शस्त्रक्रियेसाठी काढलेले कर्ज, ते फेडायला पुन्हा तोच फड. या रजोनिवृत्तीचा कर्ता निसर्ग आहे काय? उचल, दंड आणि शस्त्रक्रियेवर चालणारा खाजगी दवाखाना यांनी मिळून ती घडविली आहे. अशा बाईने उद्या स्वतःचे बरेवाईट करून घेतले, तर तिच्या नावापुढेही ‘कौटुंबिक कारण’च लिहिले जाईल. मुकादम त्या कुटुंबाचा सदस्य केव्हापासून झाला?

सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रियांविरुद्धची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी अमलात आणावीत, असा आदेश दिला. आदेश योग्यच, पण तो पुढच्या शस्त्रक्रियांना लगाम घालणारा. ज्यांच्यावर ती होऊन गेली, त्यांच्या झोपेची, मनाची, हाडांची विचारपूस कोणी करायची? ‘टेली-मानस’ची १४४१६ ही विनामूल्य सेवा २०२२ पासून रात्रंदिवस उपलब्ध आहे आणि संकटातील प्रत्येकीला हा क्रमांक ठाऊक असला पाहिजे. मात्र ज्या बाईच्या हाती स्वतःचा मोबाईलच नाही, तिच्यापाशी माणसालाच चालत जावे लागेल.

त्यासाठी पैसा नाही, ही सबब तरी चालणारी नाही. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून प्रतिटन १० रुपये घेण्याचे शासनाने ठरविलेले आहे. त्यातून गाळप सुरू होताच प्रत्येक कारखान्याच्या तळावर स्त्री-डॉक्टर आणि समुपदेशक असलीच पाहिजे; शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येकीची दर हंगामात तपासणी झाली पाहिजे, आणि त्या दिवसाचा खाडा धरता कामा नये. आत्महत्येच्या नोंदीत रजोनिवृत्ती आणि गर्भाशय-शस्त्रक्रिया यांचा स्वतंत्र रकाना हवा. कारखान्याच्या काट्यावर उसाचे वजन किलोपर्यंत लिहिले जाते. मग हा एक रकाना आखायला अडचण कसली?