तिला बोलायला शिकवता, की गप्प बसायला?

स्किझोफ्रेनिया असलेल्यांना नोकरीत टिकता यावे म्हणून पुनर्वसन केंद्रांत सामाजिक कौशल्यांचे वर्ग चालतात. कामावरचा एखादा प्रसंग घ्यायचा, तो वठवायचा, काय जमले ते सांगायचे, पुन्हा करायचे, अशी त्याची रीत. एम.एस.डब्ल्यू. झाल्यापासून मी हे वर्ग घेते आहे. ते निरुपयोगी आहेत असे मी म्हणणार नाही. या आजारात समोरच्याच्या चेहऱ्यावरचा भाव पटकन कळत नाही, उत्तर सुचायला वेळ लागतो. सरावाने फरक पडतो. माझे भांडण आहे ते या वर्गांत बायकांना काय शिकवले जाते, याच्याशी.

अवाजवी मागणीला ठाम नकार देणे हा या पद्धतीचा एक मूळ धडा. पण मी पाहिलेल्या कितीतरी वर्गांत तोच गळलेला असतो. उरते ते 'हसून बोला, साहेबांचे ऐका, उलट बोलू नका.' हे तर बाईला माहेरी आणि सासरी शिकवून झालेलेच असते!

पुरुष चिडला तर कामाचा ताण. ती चिडली तर 'गोळी घेतली नाहीस का?' मुकादम अंगचटीला आला असे ती म्हणाली, तर 'तिला भास होतात.' कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013चा कायदा प्रशिक्षणार्थी बाईलाही लागू आहे. मानसिक अक्षमतेमुळे तिला तक्रार करता येत नसेल, तर तिच्या वतीने नातेवाईक, मैत्रीण किंवा मनोविकारतज्ज्ञ ती करू शकतात. मुदत तीन महिन्यांची. किती वर्गांत हे सांगितले जाते?

'आजार मोकळेपणाने सांगा,' असाही सल्ला देतात. हिंदू विवाह कायद्यात 1976च्या दुरुस्तीने घटस्फोटाच्या कारणांत स्किझोफ्रेनियाचे नाव घातले गेले. नुसते निदान कोर्टात पुरत नाही, पण घरात धमकी द्यायला पुरते. मग ती गोळ्या डब्यात लपवते आणि ओ.पी.डी.च्या दिवशी खोटे कारण सांगून रजा घेते. वर्गात आपण तिला 'प्रामाणिक संवाद' शिकवत असतो.

बदलायचे ते सगळे तिनेच का? औषधाने सकाळी गुंगी राहते, तर तिला उशिराची पाळी द्या. सूचना लिहून द्या. अपंग व्यक्ती हक्क कायदा, 2016नुसार अशा वाजवी सोयी करणे सरकारी आस्थापनांवर बंधनकारक आहे. 'आधी तयार व्हा, मग नोकरी' हा क्रमही उलटा आहे. आधी खरी नोकरी आणि मग तिथेच आधार, या पद्धतीने अधिक जणांना काम मिळते, हे अनेक देशांतल्या चाचण्यांत दिसले आहे. आपण मात्र बायकांना वर्षानुवर्षे पापड-मसाल्याच्या 'प्रशिक्षणात' बसवून मानधनावर राबवतो.

मैत्रिणींनो, छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समित्यांवर आपल्यापैकी अनेकजणी आहेत. अशी तक्रार आली, तर आधी निदान विचारू नका, घटना विचारा. नकार देण्याचा आणि तक्रार लिहिण्याचा धडा या वर्गांत आलाच पाहिजे, अशी मागणी आपल्या जिल्ह्यातल्या केंद्राकडे करा. आणि आपल्या कार्यालयांत या बायकांना पूर्ण पगारावर घ्या.