खिडकी मोठी, घर अंधारं

भोरमध्ये घरांचे नकाशे काढून देणं हा माझा धंदा. समोर बसलेला माणूस मोबाईल पुढे करतो आणि म्हणतो, "मॅडम, एलेव्हेशन असं पाहिजे." फोटो कुठल्यातरी शहरातल्या बंगल्याचा. दोन मजले उंच काच, सपाट छत, छज्जा नावापुरता. मग वास्तूची चौकशी होते. दार पूर्वेला आलं का, देवघर ईशान्येला बसलं का, जिना उजवीकडून चढतो का. ऊन कुठून येणार, पावसाची झड कोणत्या भिंतीवर बसणार, दुपारी दोन वाजता घरातली म्हातारी माणसं कुठे टेकणार, हे मात्र कुणी विचारत नाही. माझं म्हणणं एवढंच, की आपल्याकडे घराचा विचार सावलीपासून सुरू व्हायला हवा. भिंती मागाहून येतात.

पटत नसेल तर आषाढात वेल्ह्याकडे एक चक्कर मारा. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण बोलताना अजून वेल्हेच येतं. रस्त्याच्या कडेला नवी स्लॅबची घरं दिसतील, चार-चार फुटी सरकत्या काचा असलेली. आणि त्या काचांवर बाहेरून निळी ताडपत्री ठोकलेली. इथला पाऊस सरळ पडत नाही, नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर आडवा येतो. सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीत पाणी तुंबतं, तिथून आत झिरपतं, रंगाचे पोपडे सुटतात. मालक जूनमध्ये ताडपत्री लावतो आणि पाऊस उघडल्यावर काढतो. मार्च लागला की तीच काच तापायला लागते, म्हणून जाड पडदा येतो. उजेड हवा म्हणून पैसे मोजून मोठी खिडकी घेतली, आणि अर्धं वर्ष भर दुपारी दिवा लावून बसायचं. हा काय हिशेब झाला?

खरा हिशेब सूर्याचा आहे आणि तो अवघड नाही. भोर साधारण १८ अंश अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैअखेरीस मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली तिच्याच बुडाशी जाते. २२ डिसेंबरला मात्र तो दक्षिणेकडे कललेला, क्षितिजापासून फक्त ४८ अंशांवर असतो. आता दक्षिणेला पाच फुटांची पडवी आहे आणि तिची वळचण सहा फुटांवर आहे असं धरा. डिसेंबरच्या दुपारी ऊन वळचणीखालून सव्वापाच फूट आत येतं, म्हणजे थेट मागच्या भिंतीच्या पायथ्याला टेकतं. मेच्या मध्यान्ही तेच ऊन पडवीत पाऊलसुद्धा टाकत नाही. थंडीत ऊब, उन्हाळ्यात सावली, आणि दोन्हींचं वीजबिल शून्य.

पश्चिमेचं गणित वेगळं आहे. तिथे दीड फुटाचा छज्जा काढून लोक निर्धास्त होतात. मे महिन्यात संध्याकाळी पाचला सूर्य जेमतेम २७ अंशांवर असतो. त्या वेळी चार फूट उंच काचेचा वरचा पाऊण फूट तेवढा सावलीत राहतो, बाकी सगळी काच तापत असते. आडवा पाऊसही साधारण याच अंगाने येतो. या भागातल्या जुन्या घरांत पश्चिमेला गोठा, लाकूडफाट्याची पडवी किंवा सरळ आंधळी भिंत का दिसते, ते यावरून कळावं. राष्ट्रीय इमारत संहिता खिडकीचं क्षेत्रफळ सांगते. कोरड्या उष्ण हवेत खोलीच्या एक दशांश, दमट उष्ण हवेत एक षष्ठांश. नकाशा मंजूर करताना हे आकडे जुळवले जातात. पण खिडकी मोजून उजेड मोजला जात नाही. तो ठरतो खिडकीची दिशा कोणती आणि तिच्या वर काय आहे यावर.

हे ज्यांना कळत होतं त्यांची कामं आपल्या दारातच उभी आहेत. भोरचा राजवाडा १८६९ सालचा, पंतसचिवांचा. चौकात उभं राहिलं की आभाळाचा थेट उजेड अंगावर असतो. खांबांच्या ओळीखाली आलात की तो निम्मा होतो, आतल्या दालनात आणखी मंद. प्रत्येक टप्प्यावर डोळ्यांना सवय व्हायला वेळ मिळतो, म्हणून दालनातला अंधार टोचत नाही आणि चौकातलं ऊन दिपवत नाही. सिनेमावाले कॅमेरे घेऊन या वाड्यात पुन्हा पुन्हा येतात, ते काही फक्त नक्षीदार खांबांसाठी नाही.

राजगडावर हीच गोष्ट लढाईच्या कामाला येते. पाली दरवाजाकडून रखरखत्या उन्हात चढून या आणि दरवाजाच्या सावलीत शिरा. दोन-चार क्षण समोरचं धड दिसत नाही. आत देवडीत उभ्या असलेल्या पहारेकऱ्याला मात्र उजेडाकडून येणारा माणूस स्पष्ट दिसत असतो. नसरापूरजवळचं बनेश्वर नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधलं. तिथे झाडीतून मंडपात आणि मंडपातून गाभाऱ्यात जाताना उजेड पायरी-पायरीने कमी होतो, शेवटी समईपुरता उरतो. बोलणारी माणसं तिथे आपोआप आवाज खाली घेतात.

यावर मला नेहमी ऐकवलं जातं, "मॅडम, जुनं घर म्हणजे काळोख आणि धूर. आमच्या आयांनी डोळे घालवले चुलीपुढे." बरोबर आहे, आणि मी ते नाकारणार नाही. कुडाच्या घरातलं माजघर अंधारं होतं. त्या अंधारात दिवस काढायचा तो बायकांनी, ओटीवरच्या मोकळ्या उजेडात पान खात बसायचं ते पुरुषांनी. असलं घर परत आणा असं कुणी म्हटलं तर पहिला विरोध माझा असेल. पण अंधार घालवायला आख्खी भिंत काचेची करावी लागत नाही.

वेल्ह्याच्या अंगाला एका मावशींच्या घरी स्वयंपाकघरावर मंगलोरी कौलांमध्ये एकच काचेचं कौल बसवलेलं आहे. त्यातून सकाळी भिंतीवर कवडसा पडतो, तो सरकत सरकत मांडणीवर येतो, मग ओट्यावर. "ओट्यावर आला की माझी भाकरी सुरू," मावशी म्हणाल्या. घड्याळ भिंतीवर आहे, बंद पडलेलं. भर दुपारी त्या घरात दिवा लावायची वेळ येत नाही, आणि आषाढातल्या झडीतही ते कौल उजेड देतं, कारण ते आभाळाकडे तोंड करून आहे, वाऱ्याकडे नाही. भिंतींना चुना, त्यात थोडी नीळ. सारवलेली जमीन उजेड पिऊन घेते, चकचकीत फरशीसारखा डोळ्यांवर फेकत नाही. अडीच-तीनशे चौरस फुटांच्या त्या घरात उजेडाची सोय माझ्या कितीतरी लाखमोलाच्या बंगल्यांपेक्षा चांगली आहे.

आता मुद्द्याचं. पानशेत आणि भाटघरच्या काठाला फार्महाऊस बांधणाऱ्यांची मला फार काळजी नाही. चूक झाली तर ते एसी बसवतील. काळजी आहे घरकुलाची. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे साधारण २६९ चौरस फुटांचं, त्यातच स्वयंपाकाची जागा. पैसे पुरत नाहीत म्हणून पहिली कात्री लागते ती पडवीला. राहते स्लॅबची पेटी, समोर लोखंडी दार, बाजूला एक खिडकी. भोरच्या पूर्वेकडच्या कोरड्या गावात तीच पेटी आणि वेल्ह्याच्या पावसातही तीच. भात झोडपायचं, धान्य वाळवायचं, पोरांनी अभ्यासाला बसायचं, आजारी माणसाला उजेडात आणायचं, ही सगळी कामं पडवीतली. पडवी गेली की ती एकतर रस्त्यावर येतात किंवा आतल्या कोंदट खोलीत.

म्हणून भोर आणि वेल्ह्याच्या पंचायत समित्यांकडे माझी मागणी आहे. घरकुलाच्या लाभार्थ्याला मंजुरीच्या कागदाबरोबर दोन नमुना नकाशे द्या, एक पावसाळी भागासाठी आणि एक कोरड्या भागासाठी. दोन्हींत पाच फुटांची पडवी, पश्चिमेला बंद भिंत, चुलीवर किंवा गॅसवर वरून उजेडाची सोय. स्लॅब असेल तर छताजवळ एक उंच झरोका, त्याला वर छज्जा. पडवीला स्लॅब नको. लोखंडी पाइप आणि जुनी उतरवलेली कौलं पुरतात, आणि ती कौलं आज गावोगावी उकिरड्याला पडली आहेत. या पडवीसाठी ग्रामपंचायतीने स्वतःच्या निधीतून थोडी भर घालावी. गावाच्या कमानीवर जो खर्च होतो, त्यापेक्षा तो नक्कीच सत्कारणी लागेल.

आणि स्वतःच्या पैशाने बांधणाऱ्यांना एक विनंती. प्लॉट घेतला की नकाशा काढण्याआधी एकदा सकाळी आठला, एकदा दुपारी एकला आणि एकदा संध्याकाळी पाचला तिथे जाऊन उभे राहा. शेजारच्या झाडाची, डोंगराची, घराची सावली कुठवर येते ते चुन्याने आखा. तो कागद घेऊन इंजिनिअरकडे जा. जो इंजिनिअर तो कागद बघणार नाही, त्याला काम देऊ नका.