मानभावी कुणाला म्हणता?

अमेरिकेला जाऊन येणाऱ्या आपल्या मंडळींचा हल्ली एक ठरलेला कार्यक्रम असतो. नायगारा, न्यूयॉर्क, आणि पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर भागात जाऊन 'आमिश' लोक बघणे. (शहामृगातला श, षट्कोनातला ष नव्हे!) माझ्याच दोन पुतण्यांनी आणि एका भाचीने फोटो पाठवले. घोड्याची बग्गी, काळे कोट, बायकांच्या डोक्यावर टोप्या. खाली लिहिलेले, "काका, किती साधी माणसं! मोह म्हणून नाही."

खरे आहे. 1693 साली युरोपात याकोब आमान नावाच्या धर्मोपदेशकामुळे हा पंथ वेगळा झाला आणि अठराव्या शतकात ही माणसे पेनसिल्व्हेनियात आली. बहुतेकांच्या घरात तारेवरची वीज नाही, स्वतःची मोटार नाही. 2006 साली त्यांच्या एका शाळेत एकाने गोळीबार केला, पाच मुली गेल्या, तेव्हा ही माणसे मारेकऱ्याच्याच घरच्यांचे सांत्वन करायला गेली. त्यांचे सगळेच मला पटते असे नाही. आठवीनंतर मुलांना शाळेत न घालणे हे माझ्यासारख्या मास्तराला कसे पटावे? पण आदर वाटतो.

माझे भांडण आमिशांशी नाही, आपल्याशी आहे.

नांदेडहून माहूरला जाणाऱ्या एसटीत कधी बसला आहात? गडद रंगाची साधी वस्त्रे, डोक्याचे मुंडण, खांद्याला झोळी, अशी माणसे हमखास भेटतात. स्त्रियाही असतात. एकमेकांना "दंडवत प्रणाम" म्हणतात. हे महानुभाव. माहूरला आपण रेणुकामातेला जातो, दत्तशिखर करतो, अनसूयेला जातो आणि परततो. तिथेच महानुभावांचे देवदेवेश्वरी आहे, तिकडे किती जण वळतात? त्यांचा फोटो काढून "किती साधी माणसं" असे कुणी मला आजवर पाठवलेले नाही. उलट त्यांच्या नावाची आपण शिवी करून ठेवली आहे. 'मानभावी' म्हणजे ढोंगी. मानभाव हे महानुभाव याचेच बोलीतले रूप, हे बी.ए.ला मराठी घेतलेल्या कुणालाही ठाऊक असते. तरी अग्रलेखात, भाषणात, आपल्या ब्लॉगांवरसुद्धा हा शब्द सर्रास येतो.

आता यांनी केले तरी काय? तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी जातिभेद मानला नाही. स्त्रियांना संन्यास दिला, विटाळ मानू नये असे सांगितले. आपला उपदेश लोकांच्या भाषेत, मराठीत केला. म्हाइंभटांचे 'लीळाचरित्र' साधारण 1278 चे, म्हणजे ज्ञानेश्वरीच्याही बारा वर्षे आधीचे. आद्य मराठी कवयित्री महदंबा याच पंथाची. पाच कृष्णांखेरीज इतर देवतांना ते भजत नाहीत, म्हणून शेजारी बिचकले. पुढे त्यांनी आपले ग्रंथ सकळा, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत ठेवले, म्हणून संशय आणखी वाढला. वेगळे राहणाऱ्याबद्दल गाव काय बोलते ते आपण जाणतोच.

म्हण आहे, "करणी कसाबाची, बोलणी मानभावाची." जरा नीट वाचा. ही म्हण महानुभावाला ढोंगी म्हणतच नाही! त्याची बोलणी मऊ, अहिंसेची, हे ती मान्य करते. ढोंगी तो, जो त्याची बोलणी उसनी घेतो. पण झाले काय, मुखवटा घालणारा सुटला आणि ज्याचा चेहरा त्याच्याच नावावर दोष लागला. (बिचाऱ्या कसाबाचे तरी काय चुकले? तो आपला धंदा करतो.)

कुणी म्हणेल, "सर, शब्दाचा मूळ अर्थ आता कुणाला आठवतो?" ज्याला लागतो त्याला आठवतो. लातूर जिल्ह्यातल्या एका शाळेत म्हणी शिकवत असताना महानुभाव घरातल्या एका मुलीने उभे राहून विचारले होते, "सर, ही आमच्यावरच आहे का?" सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता. मी वर दिलेला अर्थ तेव्हाही फळ्यावर लिहून समजावला. ती खाली बसली, पण तिच्या चेहऱ्यावरून मला कळले की फळ्यावरच्या एका ओळीने शेकडो वर्षांची सवय पुसत नाही.

3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले. भाषेच्या प्राचीनतेचे दाखले देताना लीळाचरित्र पुढे केले. महानुभावांच्या रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ झाले. म्हणजे मिरवायला त्यांचा ग्रंथ हवा, आणि ढोंग्याला नाव द्यायलाही तेच हवेत? याला काय म्हणावे?

महानुभाव म्हणजे आपले आमिश, असे मी म्हणत नाही. त्यांचे गृहस्थ शिष्य आपल्यासारखेच मोटारसायकल चालवतात, मोबाईल वापरतात. एवढेच म्हणतो, की सातासमुद्रापार व्रताने राहणाऱ्याला मान देतो, तेवढा एसटीत शेजारच्या सीटवर बसलेल्याला द्यावा.

आणि ब्लॉगवाल्या मंडळींना एक विनंती. मराठीत ढोंगी आहे, दांभिक आहे, साळसूद आहे, पोटात एक ओठात एक आहे. भाषा काही गरीब नाही. तो एक शब्द तेवढा सोडा.