रिकाम्या पडद्याचा धडा

शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याचे नाव निघाले की डिजिटल शाळा आठवते. संदीप गुंड या शिक्षकांनी तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांच्या हाती टॅब दिले आणि राज्यभरातले शिक्षक पाड्याची वाट विचारत आले. आता गावोगावच्या शाळांवर ‘डिजिटल’ची पाटी दिसते. पण पाटीखाली मूल नेमके काय करते?

हे विचारताना मला एक म्हातारे यंत्र आठवते. 1984-85 मध्ये केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पात देशातल्या 250 शाळा निवडल्या गेल्या. त्यांना मिळाला ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचा आठ बिटांचा बीबीसी मायक्रो हा संगणक. मेमरी अवघी 32 केबी. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोही तीत मावायचा नाही. बटण दाबले की काळ्या पडद्यावर कर्सर लुकलुकायचा, बस्स. पुढचे तुम्ही सांगायचे. बेसिक या संगणकाच्या भाषेत चार ओळी लिहा, सातचा पाढा येईल. एक अक्षर चुकले की यंत्र अडून बसणार.

प्रकल्प रखडला. यंत्रे मोजकी, सॉफ्टवेअर इंग्रजीतले आणि बरेचसे विलायती, शिक्षकांचे प्रशिक्षण तोकडे. यंत्र शाळेत आले, पण वर्गापर्यंत पोचलेच नाही. भातसा-तानसा धरणांचे पाणी मुंबईला जाताना पाहून उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या शहापूरकरांना हे वेगळे सांगायला नको. धरण उशाला, कोरड घशाला!

तरी त्या यंत्राचा एक गुण आपण घालवला. ते मुलाला नुसते बघत बसू देत नसे. आजचा टॅब उघडताच स्वतःच बोलू लागतो आणि मूल गप्प होते. गंमत म्हणजे दोघे एकाच घराण्यातले. एकॉर्नच्या सोफी विल्सन यांनी नव्या प्रोसेसरची आखणी बीबीसी मायक्रोवर, बेसिकमध्येच तपासून पाहिली. 1985 मध्ये तो एआरएम प्रोसेसर चालू झाला. आज जवळजवळ प्रत्येक मोबाइलमध्ये आणि बहुतेक टॅबमध्ये त्याचाच वंशज आहे.

म्हणून शहापूर-मुरबाडच्या शाळांकडे एकच मागणे. आठवड्यातून एक तास व्हिडिओ बंद ठेवा आणि मुलांना प्रोग्रॅम लिहू द्या. गणित पाड्यावरचेच घ्या : टँकरमध्ये किती लिटर पाणी, घरे किती, एका घराला हंडे किती? आधी चुकेल, मग जमेल. आणि उत्तर आले की आपल्या घरी त्यातले किती पोचतात, हे तीच पोरं ग्रामपंचायतीत जाऊन विचारतील.