व्हिसा ठरवताना व्यवस्थापकालाही विचारा

पुण्यातल्या कंपनीने व्यवस्थापकाला अमेरिकेतल्या आपल्याच शाखेत पाठवायचे ठरवले, तर एल-१ए व्हिसा (कंपनीअंतर्गत बदलीचा) घ्यायचा की एच-१बी (सर्वसाधारण कुशल नोकरीचा), हे बहुधा कंपनीचे वकीलच ठरवतात. परिणाम मात्र सारे घर भोगते.

एल-१एला वार्षिक मर्यादा नाही, सोडतही नाही. मागील ३ वर्षांत परदेशात त्याच कंपनीसमूहात सलग १ वर्ष नोकरी झालेली हवी, आणि पद नावापुरते नव्हे, खरोखरच व्यवस्थापकीय हवे. खासगी कंपन्यांसाठी एच-१बी वर्षाला ८५,०००च, तेही सोडतीत नाव निघाले तर. त्यात अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या सप्टेंबर २०२५च्या आदेशाने परदेशातून येणाऱ्यांच्या नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरचे शुल्क लादले. कंपन्या एल-१एकडे झुकणार, हे उघड आहे.

जोडीदारासाठीही तो उजवाच. एल-१एधारकासोबत एल-२ व्हिसावर आलेल्या पती किंवा पत्नीला लगेच नोकरी करता येते. एच-१बीधारकाच्या जोडीदाराला मिळणाऱ्या एच-४वर त्यासाठी ग्रीन कार्डाची प्रक्रिया बरीच पुढे जावी लागते.

खरी अडचण पुढे येते. एल-१ए त्या कंपनीशी बांधलेला. नोकरी बदलायची तर दुसरा व्हिसा शोधा. ७ वर्षांनंतर त्याला वाढ नाही. एच-१बीची मुदत ६ वर्षांचीच, पण ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला आय-१४० अर्ज मंजूर झाला की ग्रीन कार्डाच्या रांगेत असेपर्यंत ती वाढवता येते. मुले तिथल्या शाळेत रुळल्यावर हा फरक कळणे क्रूर आहे. म्हणून ग्रीन कार्डासाठी अर्ज करणार का आणि कधी, हे कंपनीने बदलीच्या पत्रातच लेखी द्यावे.