आय सेव्हनचा टिळा

बारावीचे निकाल लागले, सीईटीच्या प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या की आई-बापांना लुटण्याचा मोसम सुरू होतो. डोनेशनच्या नावाने आपण सगळेच बोटं मोडतो. लॅपटॉपच्या दुकानात मात्र तेच आई-बाप आपण होऊन मान पुढे करतात, कारण तिथला टायवाला पोरगा आधी गार पाणी देतो आणि मग म्हणतो, "काका, चार वर्षांचा प्रश्न आहे. मुलाच्या करिअरमध्ये कशाला काटकसर?" यापुढे काका काय बोलणार? चाळीस हजार ठरवून आलेले काका पंच्याहत्तर हजारांच्या हप्त्यावर सही करून बाहेर पडतात आणि वर त्याला 'थँक यू'ही म्हणतात.

मला सरळ सांगू द्या. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. आणि इंजिनिअरिंगच्या बहुतेक शाखांच्या पहिल्या दोन वर्षांना चाळीस-पंचेचाळीस हजारांच्या वरचा लॅपटॉप लागत नाही. हे दुकानदाराला माहीत आहे, आणि कॉलेजला माहीत नसेल तर ते कॉलेज चालवायला नालायक आहे.

सुरुवात कॉलेजपासूनच करते, कारण पाप तिथून सुरू होतं. प्रवेश पक्का झाला की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फतवा येतो: आय सेव्हन, सोळा जीबी रॅम, ग्राफिक कार्ड कंपल्सरी. कशासाठी, ते लिहिलेलं नसतं. कोणत्या विषयाला, कोणत्या सेमिस्टरला, कोणतं सॉफ्टवेअर, काहीही नाही. अशाच एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी अनेक वर्षं काढली आहेत. तिथे सी प्लस प्लस शिकवलं जायचं ते टर्बो सी प्लस प्लसवर. म्हणजे निळ्या पडद्याचं, डॉसच्या जमान्यातलं, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं सॉफ्टवेअर. या भाषेचं पहिलं आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण झालं १९९८ साली. आमचा कंपायलर त्याच्याही आधीचा. आजच्या विंडोजवर तो थेट चालतच नाही, जुन्या डॉसचं सोंग आणणारा दुसरा प्रोग्रॅम मध्ये घालून चालवावा लागतो. ज्यांच्या प्रयोगशाळेत १९९२ साल अजून संपलेलं नाही, त्यांनी शेतकऱ्याच्या पोराला ग्राफिक कार्ड आणायला सांगावं?

हो, आर्किटेक्चरवाल्यांना, थ्रीडी मॉडेलिंग किंवा व्हिडिओ संकलन करणाऱ्यांना दणकट मशीन लागतं. त्यांनी घ्यावं. मशीन लर्निंगचं नाव सांगून ग्राफिक कार्ड गळ्यात मारणाऱ्यांना मात्र विचारा, की गूगल कोलॅबवर ब्राउझरमधूनच ग्राफिक प्रोसेसर फुकट वापरायला मिळतो, मग शिकणाऱ्या पोराने सत्तर हजार कशाला घालायचे? त्यावर 'सर सांगतात म्हणून' यापलीकडे उत्तर येणार नाही.

आता दुकान. गिऱ्हाईक हुशार झालं तरी त्याला काही कळू नये, अशीच प्रोसेसरची नावं ठेवलेली असतात. आय थ्री साधा, आय फाइव्ह बरा, आय सेव्हन भारी, हे आपल्या डोक्यात पक्कं बसवलेलं आहे. पण दहाव्या पिढीचा, कमी विजेवर चालणारा आय सेव्हन आणि बाराव्या पिढीचा आय थ्री १२१५यू शेजारी ठेवा. पहिल्यात बहुधा चार कोर, दुसऱ्यात सहा, आणि कामात आय थ्री पुढे. तरीही जुना साठा खपवायचा असला की त्याच आय सेव्हनच्या कपाळावरचा टिळा दाखवून दहा हजार जास्त उकळले जातात. नाव मोठं, लक्षण खोटं.

एएमडीने तर कमाल केली. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू. फरक एका आकड्याचा. दुकानातल्या पाटीवर तो कुणाच्या नजरेलाही पडत नाही. पण सगळी गोम त्याच तिसऱ्या आकड्यात आहे. पहिल्यात झेन २ हा २०१९ सालचा गाभा, कोर चार. दुसऱ्यात झेन ३, कोर सहा. पुढचा सातचा आकडा दोघांनाही सारखाच, म्हणजे दोन्ही २०२३ ची मॉडेलं म्हणून मिरवायला मोकळी. डिसेंबर २०२३ मध्ये इंटेलने या चलाखीवर जाहीर तोंडसुख घेतलं. आणि पुढच्याच महिन्यात, जानेवारी २०२४ मध्ये, त्याच इंटेलने आपल्या आधीच्या पिढीचा गाभा कोर ७ १५०यू असं नवं बारसं करून बाजारात आणला! चोराच्या उलट्या बोंबा आणखी कशाला म्हणायचं?

या भानगडीत गिऱ्हाईक प्रोसेसरवरच खिळून राहतं, आणि ज्याने रोजचा त्रास होतो त्याकडे कुणी बघत नाही. रॅम बोर्डावर डकवलेली आहे की पुढे वाढवता येते? आठ जीबीची रॅम डकवलेली असली तर चार वर्षं आठच. आणि २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव असे चढले आहेत की कंपन्या तिथेच हात आखडता घेणार. पडदा कसा आहे? समोरून ठीक आणि जरा तिरकं बघितलं की सगळे रंग उडालेले, असा टीएन पॅनेल आजही स्वस्त मॉडेलांत घुसवतात. आयपीएस मागा. साठवणीला एसएसडीच हवी. ईएमएमसी लिहिलेलं दिसलं तर दुकानातून बाहेर पडा. एवढं विचारलं की तो टायवाला पोरगा मॅनेजरला बोलवायला जातो.

मॅनेजर येतो तो 'नो कॉस्ट ईएमआय' घेऊन. बिनव्याजी कर्ज ही गोष्टच अस्तित्वात नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. म्हणून आता व्याज उघडपणे लावलं जातं आणि तेवढी रक्कम किमतीत 'सूट' म्हणून दाखवली जाते. रोखीने घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती तीच इथे व्याजात वळती होते. वर प्रोसेसिंग फी. वर क्रेडिट कार्डावरच्या व्याजाच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी. लॅपटॉपच्या किमतीत १८ टक्के जीएसटी आधीच भरलेला असतो, तो वेगळाच. मग बॅग फुकट, माउस फुकट. त्या बॅगेची शिवण दिवाळीपर्यंत टिकली तर नशीब.

आणि नात्यातला तो उंटावरचा शहाणा! प्रत्येक घरात एक असतोच. बहुधा कुणाचा तरी मावसभाऊ, हिंजवडीत नोकरीला. तो सांगतो, "घ्यायचाच तर गेमिंग घे, सगळं चालतं." सगळं चालतं, फक्त पोराच्या पाठीला चालत नाही. अडीच किलोच्या आसपासचं धूड, त्याच्या जोडीला विटेएवढा चार्जर, आणि तीन-चार तासांत मान टाकणारी बॅटरी. वर्गात सत्तर पोरांमागे भिंतीवर सॉकेट दोन, त्यातलं एक जळलेलं. हे मावसभावाला कुठे ठाऊक, त्याच्या ऑफिसात खुर्चीगणिक प्लग आहे.

याच घरात मुलगी असली की एकाएकी सगळ्यांना काटकसर सुचते. दादा सेकंड इयरला गेला, त्याला नवा. ताईला दादाचा जुना. तिचं बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्स असलं तरी 'तिला काय, टायपिंगच तर करायचंय.' दादाच्या ग्राफिक कार्डावर रात्री दोनपर्यंत गोळीबार चालतो आणि ताई बिजागरी तुटलेल्या पडद्यामागे वही उभी करून असाइनमेंट करते. बजेट कमी असतं हे खरं, पण ते कुणासाठी कमी असतं हेही बघा.

कमी बजेटवर खरा तोडगा आहे, पण त्याने आपलं नाक कापलं जातं: वापरलेला लॅपटॉप. मोठ्या कंपन्या दोन-चार वर्षं वापरून थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक अशी ऑफिसातली मशीनं ढिगाने काढून टाकतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा, गठ्ठेच्या गठ्ठे दिसतील. कीबोर्ड दणकट, बहुतेकांची रॅम-एसएसडी बदलता येणारी, किंमत नव्याच्या निम्म्याहून कमी. सेकंड हॅण्ड स्कूटर चालते, सेकंड हॅण्ड पुस्तकं चालतात, लॅपटॉप म्हटला की 'आमच्या पोराला वापरलेला?' हा ताठा ज्यांना परवडतो त्यांनी खुशाल बाळगावा.

फक्त डोळे उघडे ठेवून घ्या. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढचीच लागते. त्यामुळे सहावी-सातवी पिढी 'एकदम कडक आहे, ताई' म्हणून कुणी पुढे केली तर नको म्हणा. उबुंटू वापरणार असाल तर गोष्ट वेगळी. बॅटरीचा अहवाल विंडोज स्वतःच काढून देतं: नवी असताना क्षमता किती होती, आज किती उरली आहे. तो दुकानातच काढायला लावा. जुन्या कंपनीचा पासवर्ड बायोसमध्ये राहिलेला नाही ना, हेही तिथेच बघा. पक्कं बिल आणि लेखी वॉरंटी मिळत नसेल तर पुढच्या दुकानात जा.

आणि प्रवेश घेतलेल्या प्रत्येक पालकाला एक विनंती. खरेदीला निघण्याआधी विभागप्रमुखांना पत्र द्या: चारही वर्षांत कोणत्या सेमिस्टरला कोणतं सॉफ्टवेअर लागणार, आणि प्रयोगशाळेतल्या संगणकांवर ते आहे की नाही. उत्तर लेखी मागा. ते हातात पडेपर्यंत, ग्रुपवरच्या फतव्याला भिऊन, एक रुपयाही खर्च करू नका.