धूर बघितला का?

हॉस्टेलच्या मागच्या विंगमध्ये राहणाऱ्यांना पहाटे चारचा गजर लावावा लागत नव्हता. मेसला भाजी पुरवणाऱ्या काकांचा पिकअप ते काम फुकटात करायचा. घर्र-घर्र-घर्र... थोडं थांबून पुन्हा घर्र-घर्र... मग एक जोरदार खोकला, अर्धा मिनिट गदागदा हलणं, आणि त्यानंतर जणू काही झालंच नाही अशी गाडी चालू. दिवसभरात पुन्हा कितीही वेळा चावी फिरवा, एका झटक्यात स्टार्ट. आम्ही उशी कानावर ओढायचो आणि गाडीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो.

काकांची अडचण मात्र आमच्या झोपमोडीपेक्षा बरीच मोठी होती. ते राहतात भांडुपच्या टेकडीवर. चाळीच्या गल्लीत जागा मिळत नाही म्हणून आठवडाभर गाडी हॉस्टेलमागे लावतात. पहाटे ऐरोली पुलावरून वाशीच्या एपीएमसी मार्केटला वेळेत पोहोचलं तर चांगला माल हाती लागतो. उशीर झाला की उरलासुरला. (मेसच्या भेंडीबद्दल तक्रार करणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी!) दोन वेळा तर बॅटरी पार उतरली आणि त्यांना भाड्याचा टेम्पो करावा लागला. त्या दिवसाची कमाई टेम्पोवाल्याच्या खिशात.

एका रात्री मेसमध्ये त्यांनी आम्हाला गाठलं. "पोरांनो, तुम्ही मेकॅनिकलवाले ना? सकाळी गाडी नखरे का करते, सांगा बघू."

आम्ही चौघे थर्ड इयरचे. आयसी इंजिनचा पेपर नुकताच दिलेला, त्यामुळे ज्ञान ताजं आणि आत्मविश्वास उतू जाणारा. दोन मिनिटांत निकाल दिला, "काका, डिसेंबर आहे, थंडी पडलीय. ग्लो प्लग गेले असणार. बॅटरीपण जुनी दिसते. दोन्ही बदलून टाका." काकांनी विश्वास ठेवला. चार ग्लो प्लग, नवी बॅटरी आणि मजुरी मिळून साडेनऊ हजार रुपये गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे चार वाजता : घर्र-घर्र-घर्र.

आमचं चुकलं कुठे? थिअरी चुकली नव्हती. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली जर्मनीत ऑग्सबर्गला जे इंजिन चालवून दाखवलं, त्याचं मर्मच हे की हवा इतकी दाबायची की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटावं. हवा आधीच गार असेल, तर दाबल्यावरही ती कमी तापते. म्हणून थंडीत डिझेल गाडी कुरकुरते, आणि म्हणून ग्लो प्लग असतो. सगळं बरोबर.

पण आम्ही आकडे घातले नाहीत. कॉम्प्रेशन रेशो १८ धरा आणि पेपरात करतो तसं आदर्श गणित करा. ३० अंशांची हवा दाबल्यावर सुमारे ६९० अंशांना जाते. १५ अंशांची सुमारे ६४० ला. प्रत्यक्षात गार सिलिंडर उष्णता खातो, पिस्टन रिंगमधून हवा निसटते, म्हणून आकडे बरेच खाली येतात. तरी डिझेल २१०-२५० अंशांच्या आसपास स्वतःहून पेटू शकतं. म्हणजे मुंबईतल्या उन्हाळा-हिवाळ्याच्या फरकाने धडधाकट इंजिन बंद पडायला नको. सांताक्रूझ वेधशाळेची आजवरची नीचांकी नोंद ७.४ अंशांची आहे, तीही २२ जानेवारी १९६२ ची! निफाडला पारा ५ च्या खाली जातो, तिथे थंडीला दोष दिला तर समजू शकतो. भांडुपला द्यायचा तर आधी पुरावा पाहिजे. प्री-चेंबरच्या जुन्या इंजिनांना मुंबईतसुद्धा ग्लो प्लग लागतो हे खरं, त्यामुळे आमचा अंदाज अगदीच वेडगळ नव्हता. पण तो अंदाज होता, आणि आम्ही तो निदान म्हणून विकला.

शेवटी लाजत-लाजत वर्कशॉपच्या सरांकडे गेलो. सगळं ऐकून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "स्टार्टर फिरत असताना सायलेन्सरमधून धूर येतो का?"

चौघेही गप्प. महिनाभर रोज तो आवाज ऐकला होता, पण खाली उतरून बघितलं कोणीच नव्हतं.

मित्रांनो, हा प्रश्न वहीत लिहून ठेवा. स्टार्टर फिरतोय आणि डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर येतोय, म्हणजे डिझेल आत पोहोचतंय पण पेटत नाहीये. तिथे उष्णतेची उणीव शोधायची : ग्लो प्लग, कॉम्प्रेशन, टायमिंग. स्टार्टरच मंद फिरत असेल तर बॅटरी आणि केबल बघायच्या. भरलेली बॅटरी उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. स्टार्टर फिरताना ती साडेनऊच्या खाली कोसळली तर दोष बॅटरीत किंवा जोडणीत. गाडी तापल्यावरही पांढरा धूर थांबत नाही आणि रेडिएटरचं पाणी कमी होतंय, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यायचा. आणि स्टार्टर जोमाने फिरतोय पण धुराचा पत्ताच नाही, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचतच नाहीये. मग ग्लो प्लग सोन्याचे बसवले तरी उपयोग शून्य.

दुसऱ्या पहाटे आम्ही टॉर्च घेऊन सायलेन्सरपाशी उभे. स्टार्टर छान फिरत होता. बारा-पंधरा सेकंद धूर अजिबात नाही. मग तो ओळखीचा खोकला, पांढऱ्या धुराचा एक लोट, आणि गाडी चालू.

सरांनी काकांना आणखी एक विचारलं, "सगळ्यात जास्त त्रास कधी होतो?" काका लगेच म्हणाले, "रविवारी. शनिवारी रात्री गाडी घरी नेतो ना, चढावर तोंड वर करून लावतो." रविवारची थंडी काही वेगळी नसते. बदलत होता तो उतार. नाक वर, टाकी खाली, आणि रात्रभरात लाइनमधलं डिझेल टाकीकडे परत. आम्ही ज्याला 'कोल्ड स्टार्ट' म्हणत होतो त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या होत्या : गाडी गार होणं आणि गाडी बराच वेळ उभी राहणं. आम्ही पहिलीच धरून बसलो.

पुढची तपासणी फुकटची होती. त्याच रविवारी चावी फिरवण्याआधी काकांनी फिल्टरवरचा हातपंप मारला. आधी पोकळ लागला, मग घट्ट झाला. चावी फिरवली आणि गाडी पहिल्याच झटक्यात चालू! टाकीकडून फिल्टरला येणारा रबरी पाइप क्लिपखाली चिरला होता. खाली थेंबही सांडत नव्हता, कारण ती ओढणारी बाजू आहे. चिरेतून डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. हातभर पाइप आणि दोन क्लिपा मिळून दोनशे रुपयांच्या आत काम झालं. काढलेले जुने ग्लो प्लग आम्ही नंतर मल्टीमीटरवर तपासले. चारही ठणठणीत.

आता कोणी म्हणेल, गॅरेजमध्येही असेच पार्ट बदलतात. बदलतात. गिऱ्हाईक डोक्यावर उभं असतं आणि चांगला पार्ट लावून बघणं हीसुद्धा एक चाचणीच आहे, पण एका वेळी एकच बदलला तर. आम्ही दोन एकदम बदलायला लावले. गाडी सुधारली असती तरी कशामुळे ते कळलं नसतं. कोणी म्हणेल, आता बीएस-६ च्या कॉमन रेल गाड्यांना स्कॅनर लावला की झालं. स्कॅनर रेल प्रेशर कमी आहे एवढं सांगेल. ते फिल्टरमुळे, पंपामुळे की चिरलेल्या पाइपमुळे, हे माणसालाच शोधावं लागतं. आणि हे शोधायचा कंटाळा करून एअर इनटेकपाशी पेटता बोळा धरणं किंवा ग्लो प्लगच्या गाडीत स्टार्टिंग स्प्रे मारणं, हे प्रकार तर कृपया करूच नका. इंजिन आणि भुवया दोन्ही जातात.

माझं म्हणणं एवढंच आहे. व्हायवाने आपल्याला एक सवय लावली आहे : प्रश्न आला की तीन सेकंदांत उत्तर फेकायचं. गप्प राहिलो तर मार्क जातात, चुकीचं पण ठासून बोललो तर निदान अर्धे तरी मिळतात. कॉलेजात याची किंमत कोणी मोजत नाही. बाहेर ती काकांसारखा माणूस मोजतो.

म्हणून शिक्षकांना एक विनंती. आयसी इंजिन लॅबमध्ये आपण चालू इंजिनावरच रीडिंग घेतो, आणि निम्मे जण गेल्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवतात. टर्ममध्ये एक प्रॅक्टिकल असं ठेवा की इंजिन मुद्दाम बिघडवलेलं असेल. कुठे पाइप सैल, कुठे टर्मिनलवर गंज. मार्क दोष सापडल्याचे कमी द्या. कोणता प्रश्न आधी विचारला, कोणती चाचणी स्वस्त म्हणून आधी केली, याचे जास्त द्या. असं जर्नल कॉपी करता येणार नाही.

राहिले काकांचे पैसे. आम्ही चौघांनी वर्गणी काढून जमतील तेवढे त्यांच्या हातात ठेवले. ते नको म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी मोजून घेतले आणि खिशात टाकले. बरंच झालं. फुकट सुटलो असतो तर हा लेख लिहिला नसता.